उशिरा मूल होतं म्हणून जन्मदर पडला का? हिशोब मांडायचा कसा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्राचा एकूण जननदर (ढोबळमानाने, एका बाईमागे मुलं) १.७ आला आणि गोव्याचा १.३. असे आकडे आले की एक वाक्य लगेच तयार असतं: मुली शिकतात, लग्नं उशिरा होतात, मुलं उशिरा होतात, म्हणून जन्मदर पडला. वाक्य पटतं, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत. मूल उशिरा होणं ही एक आणि मुलं कमी होणं ही दुसरी. पहिलीचा परिणाम बराचसा तात्पुरता असू शकतो, दुसरीचा कायमचा असतो. वर्षाच्या आकड्यात मात्र दोन्ही अगदी सारख्या दिसतात. शाळा बंद करायची की नाही, बालरोगतज्ज्ञाचं पद ठेवायचं की नाही असे निर्णय या आकड्यांवर होतात, त्यामुळे दोन्हींची फोड करता यायलाच हवी. ती कशी करायची, ते पुढे दिलं आहे. गणित बेरीज-भागाकारापलीकडे जात नाही. एक्सेल असेल तर उत्तम, नसेल तर वहीवरही जमतं.

हातात कोणता दर आहे?

बातमीत ‘जन्मदर’ म्हणून जे छापतात ते कधी दर हजार लोकसंख्येमागचे जन्म असतात, तर कधी टीएफआर, म्हणजेच एकूण जननदर. हजारी जन्मदर या कामाला निरुपयोगी आहे. कोकणातल्या ज्या गावातली तरुण जोडपी मुंबईला गेली, तिथे हजारी जन्मदर कमीच दिसणार. त्यावरून तिथल्या बाईला किती मुलं होतात हे कळत नाही. टीएफआर घ्या.

टीएफआर काढायची रीत अशी. १५ ते ४९ या वयातल्या स्त्रियांचे पाच-पाच वर्षांचे सात गट करायचे. प्रत्येक गटात हजार स्त्रियांमागे वर्षभरात किती जन्म झाले ते लिहायचं, सगळ्यांची बेरीज करून ५ ने गुणायचं आणि १००० ने भागायचं. एक काल्पनिक तालुका घेऊ. तिथले दर असे आहेत:

१५-१९: ३०
२०-२४: १४०
२५-२९: ११०
३०-३४: ४५
३५-३९: १२
४०-४४: ३
४५-४९: ०

बेरीज ३४०. गुणिले ५, भागिले १०००, म्हणजे टीएफआर १.७०.

हा आकडा कोणत्याही खऱ्या बाईचा नाही. आज वीस वर्षांच्या मुली जसं वागतात आणि आज पस्तिशीतल्या बायका जसं वागतात ते सगळं एकीच्याच आयुष्यात शिवून टाकलं, तर तिला किती मुलं होतील, एवढंच तो सांगतो. लांबणीची, म्हणजे मूल पुढे ढकलण्याची, सगळी गडबड या शिवणीत आहे. आजच्या वीस वर्षांच्या मुली मूल पुढे ढकलत असतील, तर त्यांचे विशीतले जन्म आज मोजले जात नाहीत. त्यांच्या तिशीतले जन्म मात्र अजून व्हायचे आहेत, आणि आज तिशीत असलेल्यांनी आपली मुलं आधीच विशीत उरकलेली आहेत. दोन्हीकडून आकडा रिकामा राहतो.

आता आईचं सरासरी वय काढा. प्रत्येक गटाचं मधलं वय (१७.५, २२.५ असं पुढे) त्या गटाच्या दराने गुणायचं, बेरीज करायची आणि दरांच्या बेरजेने भागायचं. वरच्या उदाहरणात ८७४० भागिले ३४०, म्हणजे २५.७ वर्षं. इथे एक चूक हमखास होते: दरांऐवजी जन्मांची संख्या घेतली जाते. तसं केलं तर तालुक्यात पंचविशीतल्या बायका जास्त असल्या म्हणूनही सरासरी हलते, आणि वागणं बदलल्याचा खोटा भास होतो.

पाच वर्षांनी त्याच तालुक्यातले दर अनुक्रमे २२, १२४, ११२, ४८, १२, २, ० झाले असं समजू. बेरीज ३२०, टीएफआर १.६०, सरासरी वय २६.१. म्हणजे वय पाच वर्षांत ०.४ ने, दरवर्षी ०.०८ ने वाढलं.

वय वाढलं की आकडा का पडतो?

आळंदीहून निघालेली दिंडी डोळ्यांसमोर आणा. रस्त्याकडेला एक जण रांगा मोजायला बसला आहे. दर १० सेकंदांनी एक रांग पुढून जाते, म्हणजे मिनिटाला ६. दिवेघाटाचा चढ लागतो, दिंडी लांबायला लागते, आणि दोन रांगांत ११ सेकंदांचं अंतर पडतं. मोजणाऱ्याच्या वहीत आता मिनिटाला साडेपाचही भरत नाहीत. दिंडीतली एकही रांग गळलेली नाही. ती फक्त लांबते आहे. चढ संपून अंतर पुन्हा १० सेकंदांवर आलं की वहीत पुन्हा ६ येतात, जरी दिंडी आता पहिल्यापेक्षा लांबलेलीच असली तरी.

यातली शेवटची गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटते. आकडा दाबला जातो तो आईचं वय जास्त आहे म्हणून नव्हे, तर ते वाढत असतं म्हणून. तीस या वयावर स्थिरावलेल्या देशात लांबणीचा काही परिणाम दिसणार नाही. पंचविसावरून सव्वीसकडे निघालेल्या देशात दिसेल. (चढावर दमून काही जण मागे फिरतात. त्यांचा हिशोब पुढे येतो.)

हेच सूत्रात मांडायचं तर: सुधारित टीएफआर = टीएफआर ÷ (१ − दरवर्षीची वयवाढ). लोकसंख्याशास्त्रज्ञ नॉर्मन रायडर यांनी या परिणामाची मांडणी आधीच केली होती. जॉन बोंगार्ट्स आणि ग्रिफिथ फीनी यांनी १९९८ साली तो दुरुस्त करायचं हे सुटसुटीत सूत्र दिलं. आपल्या तालुक्यात १.६० भागिले ०.९२, म्हणजे १.७४.

इथेच थांबलात तर उत्तर चुकेल. हे सूत्र पहिलं बाळ, दुसरं बाळ, तिसरं व पुढचं असं वेगवेगळं लावायचं असतं, आणि आपल्याकडे तर ही अट अजिबात सोडता येत नाही. कारण असं: तिसरं-चौथं मूल साधारण मोठ्या वयात होतं. ती बाळंतपणं बंद झाली की सगळ्या बाळंतपणांचं मिळून सरासरी वय खाली येतं. त्याच वेळी पहिलं बाळ लांबत असेल तर ते वय वर जातं. दोन्ही एकमेकांना खातात आणि लांबणी दिसतच नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची सहा मुलांची आई आठवून बघा: तिचं पहिलं बाळंतपण अठराव्या वर्षी आणि शेवटचं पस्तिसाव्या, सरासरी सव्वीस-सत्तावीस. आज सत्ताविसाव्या वर्षी एकुलतं एक मूल झालेलीचंही सरासरी वय तेवढंच. दोघींचं आयुष्य मात्र कुठेच जुळत नाही.

म्हणून १.६० ची फोड करा. समजा पहिल्या बाळांचा वाटा ०.८२ आहे आणि त्या वेळचं आईचं वय दरवर्षी ०.१५ ने वाढतंय: ०.८२ ÷ ०.८५ = ०.९६. दुसऱ्या बाळांचा वाटा ०.६२, वाढ ०.१०: ०.६२ ÷ ०.९० = ०.६९. तिसऱ्या व पुढच्यांचा ०.१६, वाढ शून्य: ०.१६. बेरीज १.८१.

आता निष्कर्ष लिहिता येतो. पिढी जागेवर राखायला सुमारे २.१ लागतात, दोन नव्हे, कारण १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात आणि सगळ्याच मुली आई व्हायच्या वयापर्यंत पोचत नाहीत. २.१ आणि १.६० यांच्यात ०.५० ची तूट आहे. त्यातली ०.२१ लांबणीची, ०.२९ खरोखर कमी मुलांची. ‘उशिरा मूल, म्हणून जन्मदर कमी’ हे वाक्य या तालुक्यापुरतं निम्म्याहून कमी खरं आहे.

सूत्राच्याही मर्यादा आहेत. दरवर्षीची वयवाढ उड्या मारते, म्हणून तीन ते पाच वर्षांची सरासरी घ्या. एखाद्या वर्षी वाढ ०.४ वगैरे दिसली तर ती लांबणी समजण्याआधी नोंदी तपासा. शिवाय सगळ्या वयाच्या बायका सारख्याच प्रमाणात पुढे ढकलतात असं सूत्र धरून चालतं. फक्त शहरी पदवीधर मुलीच ढकलत असतील तर उत्तर ढोबळ राहतं.

नोंदी कुठून घ्यायच्या, त्यात काय फसवतं

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ नुसार जन्म २१ दिवसांच्या आत नोंदवायचा असतो. जन्माच्या अहवालाच्या नमुन्यात सांख्यिकीय भाग असतो. त्यात आईचं लग्नाच्या वेळचं वय, या बाळंतपणाच्या वेळचं वय, आतापर्यंत जिवंत जन्मलेली मुलं आणि आईचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण हे सगळं विचारलेलं असतं. पहिलं, दुसरं, तिसरं बाळ अशा क्रमवार हिशोबाला एवढं पुरतं. फक्त त्याकडे कुणी बघत नाही.

सगळ्यात मोठा सापळा माहेरपणाचा. नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, आणि पहिलं बाळंतपण आपल्याकडे माहेरी करायची रीत. पिंपरी-चिंचवडला राहणारीचं पहिलं बाळ साताऱ्यात नोंदलं जातं, दुसरं पिंपरीत. नोंदणीच्या ठिकाणाप्रमाणे मोजलं तर साताऱ्यात पहिली बाळं फुगतात आणि शहरात दुसरी. आईच्या राहण्याच्या ठिकाणाप्रमाणे आधी वाटणी करा, मगच पुढे जा. त्या रकान्यात अनेकदा माहेरचाच पत्ता पडलेला असतो. अशा नोंदी किती आहेत ते अहवालात लिहा.

वयाच्या आकड्यांत २०, २५, ३० यांवर ढीग लागतो. एकोणिसाची ‘वीस’ लिहिली गेली की ती थेट पुढच्या गटात जाते. त्यातच अठराच्या आतल्या मुलीचं वय कायद्याच्या भीतीने एकोणीस-वीस सांगितलं जातं. पहिल्या बाळाचं सरासरी वय त्यामुळे थोडं चढं दिसतं. दोन वर्षांची तुलना करताना ही सवय दोन्हीकडे सारखी असेल तर वयवाढ फारशी बिघडत नाही. नोंदणीची शिस्त मधल्या काळात बदलली असेल तर बिघडते.

छोट्या आकड्यांवर विसंबू नका. वर्षाला ४०० जन्म असलेल्या ठिकाणी निव्वळ योगायोगानेच चाळीसेक इकडे-तिकडे होतात. तीन वर्षं एकत्र करा. छेद, म्हणजे वयोगटाप्रमाणे स्त्रियांची संख्या, २०११ च्या जनगणनेवरून ओढूनताणून आणली असेल तर तालुक्याचा टीएफआर काढूच नका. पहिल्या आणि दुसऱ्या बाळाच्या वेळचं सरासरी वय तेवढं काढा. ते थोड्या वर्षांच्या टप्प्यात बऱ्यापैकी भरवशाचं असतं.

आणि एकाच वर्षावर कधीही लिहू नका. जपानमध्ये १९६६ साली टीएफआर १.५८ वर आला. आदल्या वर्षी तो २.१४ होता, पुढच्या वर्षी २.२३. काही बिघडलं नव्हतं. ते जपानी पंचांगातलं ‘हिनोए-उमा’चं, म्हणजे ‘अग्नी-घोड्या’चं वर्ष होतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला जाचक ठरते अशी समजूत, म्हणून जोडप्यांनी ते वर्ष टाळलं.

लांबणं की थांबणं?

महाराष्ट्राबद्दल बोलताना हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. पाचव्या फेरीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या, ४९ टक्के, नसबंदी झालेल्या होत्या. २० ते २४ वयाच्या मुलींपैकी सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं: लग्न लवकर, लागोपाठ दोन मुलं, पंचविशीच्या आसपास ऑपरेशन. इथला जननदर मुख्यतः थांबल्यामुळे पडला, लांबल्यामुळे नाही. युरोपातल्या लेखांतली कारणं जशीच्या तशी बीड-जालन्याला लावणं हे त्या बायकांच्या आयुष्याकडे न बघणं आहे.

तपासायची सोपी खूण: पहिल्या आणि शेवटच्या बाळंतपणाचं वय शेजारी लिहा. पहिलं जागेवर आणि शेवटचं खाली येत असेल तर थांबणं. पहिलं वर चढत असेल तर लांबणं. गोव्यात लग्नाचं वय खूप आधीपासून जास्त आहे. तिथे आणि मुंबई-पुण्याच्या काही भागांत दुसरी खूण सापडेल. दोन्ही एकाच वेळी चालू असतील तर आकडा वेगाने पडतो, आणि त्यातला लांबणीचा भाग पुढे परत येऊ शकतो.

गेलेलं किती परत येतं?

यासाठी वर्ष सोडून पिढी धरायची. समजा १९७० साली जन्मलेल्या बायकांना तिशीपर्यंत सरासरी १.६० मुलं झाली होती आणि शेवटी २.००. १९८० च्या पिढीला तिशीपर्यंत १.२०, शेवटी १.८५. तिशीतली तूट ०.४०, अखेरची ०.१५. म्हणजे ०.२५ भरून निघाली: ६२ टक्के. चढावरून मागे फिरलेले उरलेले ३८ टक्के.

खऱ्या देशांत हे प्रमाण फार वेगवेगळं आहे. चेक प्रजासत्ताकात टीएफआर १९९० मध्ये १.९ होता, १९९९ मध्ये १.१३. त्या काळात पहिल्या बाळाच्या वेळचं वय साडेबावीसवरून चढायला लागलं होतं आणि २०१४ च्या सुमारास ते २८ वर पोचलं. पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या, ऐन त्या घसरणीत विशीत असलेल्या बायकांना शेवटी सुमारे १.८ मुलं झाली. २०२१ मध्ये वार्षिक आकडाही १.८३ वर आला. त्यानंतरची घसरण वेगळी, ती पुन्हा याच पद्धतीने तपासावी लागेल. स्वीडनमधल्या १९७५ च्या पिढीने उशिरा सुरुवात करूनही दोनच्या जवळ मजल मारली. इटली आणि स्पेनमधल्या त्याच वयाच्या पिढीला दीडही गाठता आलं नाही.

उलट टोकाला दक्षिण कोरिया. २०२३ मध्ये टीएफआर ०.७२. सर्व बाळंतपणांचं सरासरी वय २०१३ मध्ये ३१.८ होतं, २०२३ मध्ये ३३.६, म्हणजे दरवर्षी ०.१८. ढोबळ दुरुस्ती केली तर ०.७२ ÷ ०.८२ = ०.८८. लांबणी पूर्ण काढून टाकली तरी एकाच्या आतच. तिथे ‘नंतर होतील’ म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

भरपाई अपुरी राहते त्याचं एक कारण घर, नोकरी, पाळणाघर, दुसरं शरीर. २०१५ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी गणिती प्रारूपातून काढलेले आकडे इथे कामाला येतात. आयव्हीएफशिवाय (म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराशिवाय), हवी तेवढी मुलं होण्याची ९० टक्के शक्यता हवी असेल तर एका मुलासाठी स्त्रीच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत, दोनसाठी सत्ताविसाव्या आणि तीनसाठी तेविसाव्या वर्षापर्यंत प्रयत्न सुरू व्हायला हवेत. आयव्हीएफ धरलं तर ही वयं अनुक्रमे ३५, ३१ आणि २८. म्हणजे त्या तंत्राने तीन-पाच वर्षं मिळतात, दहा नाही. आणि लांबणीचा फटका पहिल्यापेक्षा दुसऱ्या मुलाला बसतो: पहिलं चौतिसाव्या वर्षी झालं, पुढच्या गर्भधारणेआधी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेलं २४ महिन्यांचं अंतर ठेवलं, की प्रयत्न सुरू होईपर्यंत छत्तीस उजाडतं.

सल्ला देणाऱ्यांनी जोडप्यांना एवढं नक्की सांगावं. स्त्री पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून न जमल्यास तपासणी. पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच. चाळिशीनंतर वाट न बघता. तपासणी दोघांची एकाच वेळी, बाईची आधी आणि पुरुषाची ‘गरज पडली तर’ असं नाही. एएमएच या संप्रेरकाची रक्तचाचणी आयव्हीएफमध्ये किती बीजं मिळतील याचा अंदाज देते. नैसर्गिक गर्भ राहील की नाही ते सांगत नाही. चांगला आकडा आला म्हणून दोन वर्षं ढकलणं धोक्याचं. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने आयव्हीएफसारख्या उपचारांसाठी स्त्रीला २१ ते ५० आणि पुरुषाला २१ ते ५५ अशी वयोमर्यादा आहे. पण कायद्याची पन्नाशी ही शरीराची हमी नव्हे.

योजना मोजताना

सातारा जिल्ह्यात २००७ मध्ये नवविवाहितांसाठी एक योजना सुरू झाली होती: पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर ५,००० रुपये, तीन वर्षं लांबवलं तर ७,५००. लोक तिला हनिमून पॅकेज म्हणत. अशा योजनेचं यश वार्षिक जन्मसंख्येवर मोजायला गेलं की घोटाळा होतो. समजा एखाद्या जिल्ह्यात पहिलं बाळ पाच वर्षांच्या काळात सरासरी एक वर्षाने लांबलं. दरवर्षीची वाढ ०.२, म्हणून त्या पाच वर्षांत पहिल्या बाळांचा दर २० टक्के कमी दिसेल. सहाव्या वर्षी वाढ थांबली की तो पुन्हा वर येईल, आणि कुणीतरी ‘योजना फसली’ असं लिहील. ती फसलेली नसते. अठराव्या वर्षी होणारं बाळंतपण एकविसाव्या वर्षावर गेलं तर आईचं रक्त, बाळाचं वजन, मुलीचं शिक्षण यांत फरक पडतो, आणि पिढ्यांमधलं अंतर वाढल्याने लोकसंख्येची वाढही मंदावते. म्हणून अशा ठिकाणी जन्मांची बेरीज बाजूला ठेवून तीन रकाने दरवर्षी भरा: पहिल्या बाळाच्या वेळचं आईचं सरासरी वय, वीस वर्षांच्या आतल्या मातांचं पहिल्या बाळंतपणांतलं प्रमाण, आणि त्यातल्या अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांची संख्या. चौथा रकाना पस्तिशीनंतरच्या पहिल्या बाळंतपणांचा ठेवा. आज तो बहुतेक तालुक्यांत जवळजवळ रिकामा असेल. तो भरायला लागेल त्या वर्षापासून वरचा क्रमवार हिशोब दरवर्षी करायला घ्या.